नाणे वाजवण्यापासून नोट उजेडात धरण्यापर्यंत

चलनाची पारख हा भारतातला फार जुना व्यवसाय आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात नाणी तपासणाऱ्या अधिकाऱ्याला ‘रूपदर्शक’ असे नाव आहे. बाजारात फिरणारे आणि राजाच्या कोषात येणारे नाणे घेण्याजोगे आहे की नाही, हे तो ठरवी. प्राचीन आहत नाण्यांवर मूळ ठशांखेरीज आणखी बारीक ठसे आढळतात. नाणे या हातातून त्या हातात जाताना सराफांनी ते तपासून मारलेल्या त्या खुणा असाव्यात, असे नाणेतज्ज्ञ मानतात. नाणे पाडणारा एक आणि ते खरे असल्याची ग्वाही देणारा दुसरा, ही वाटणी इतकी जुनी आहे.

मराठी मुलखात हे दुसरे काम पोतदाराकडे होते. ‘फोतेदार’ या फार्सी शब्दावरून आलेला हा हुद्दा. सरकारी खजिन्यात भरणा होताना आलेले नाणे पारखून घेणे ही त्याची जबाबदारी असे, आणि गावपातळीवर बहुधा गावचा सोनारच पोतदारी करी. त्याच्या तपासणीच्या रीती साध्या होत्या, पण त्यांना सराव लागे. रुपया दगडावर टाकला की चांगल्या चांदीचा आवाज खणखणीत येतो आणि रेंगाळतो. आत शिसे किंवा तांबे असेल तर तो बद्द वाजतो. मग काट्यावर वजन पाहायचे. तरीही शंका उरली तर काळ्याभोर कसोटीच्या दगडावर नाण्याची कड घासून उमटलेल्या रेघेचा रंग माहीत असलेल्या कसाच्या रेघेशी ताडून बघायचा. वर चांदीचा मुलामा आणि आत तांबे असल्याचा संशय आला तर नाण्याला छेद देऊन आतला धातू उघडा करीत. जुन्या रुपयांवर दिसणारे असे छेद आणि ठसे ही पारख्याची सहीच होय.

हे कौशल्य मराठी भाषेत कायमचे मुरले आहे. हिणकस म्हणजे ज्याचा कस हीन तो. बावनकशी, कसाला उतरणे, खणखणीत, पारखून घेणे, वाजवून घेणे हे सारे शब्द सराफाच्या गादीवरून उठून रोजच्या बोलण्यात आले. नाणे कमअस्सल किंवा परमुलखातले असेल तर त्याच्या किमतीतून जी कपात होई तिला बट्टा म्हणत. माणसाच्या नावाला बट्टा लागतो तो याच हिशेबातून. पोतदार, पारखी, सराफ, नाणावटी ही आडनावेही त्याच पेठेतली आहेत.

पेशवाईत या लोकांना काम कमी पडण्याचे कारण नव्हते. सरकारातून सनद घेऊन टांकसाळ चालवणारे खासगी लोक होते, संस्थानिकांच्या टांकसाळी होत्या आणि शेजारच्या राज्यांतूनही नाणे येई. अंकुशाचे चिन्ह असलेला अंकुशी रुपया, चांदवडच्या टांकसाळीचा चांदवडी, बागलकोटकडचा मल्हारशाही अशी रुपयांची कितीतरी नावे एकाच बाजारात ऐकू येत. यातला प्रत्येक रुपया आपापल्या जागी खराच होता, पण एकाची किंमत दुसऱ्याइतकी नव्हती. त्यामुळे ‘खरे की खोटे’ एवढ्या एका प्रश्नावर पारख संपत नसे. कुठल्या टांकसाळीचे, किती झिजलेले, कड कातरली आहे का, आणि त्यावर वटाव किती, हे सगळे सांगावे लागे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी मराठ्यांच्या टांकसाळी आणि चलन यांवर स्वतंत्र निबंध लिहिला, तो याच गुंतागुंतीची दखल घेणारा होता.

ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ मध्ये आपल्या सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. यंत्रावर पाडल्यामुळे एक नाणे दुसऱ्यासारखे हुबेहूब निघू लागले आणि कडेला कंगोरे असल्याने कड कातरलेली लगेच कळू लागली. पोतदाराच्या पारखीतला मोठा भाग यंत्रानेच उरकला. मराठवाड्यात मात्र निजामाचा हाली सिक्का चालू राहिला. ११६ रुपये ११ आण्यांच्या आसपास हाली म्हणजे शंभर कलदार (यंत्रावर पाडलेले ब्रिटिश रुपये), असा हिशेब तिथल्या माणसाला विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत करावा लागला.

नाण्यात निदान धातू तरी असतो. ज्या चलनाच्या अंगात स्वतःची किंमतच नाही, त्याची पारख कशी करायची हा प्रश्न भारतात कागदी नोटेच्या चारशेहून अधिक वर्षे आधी उभा राहिला होता. मुहम्मद तुघलकाने १३३० च्या सुमारास तांबे-पितळेची नाणी चांदीच्या टंक्याच्या किमतीला चालवण्याचा हुकूम काढला. नुकतीच राजधानी झालेल्या दौलताबादेतही ही नाणी पाडली गेली. हुकूम धाडसाचा होता, पण नाण्यावर असे काहीच नव्हते की जे साध्या कासाराला जमू नये. इतिहासकार झियाउद्दीन बरनी सांगतो की घरोघर टांकसाळी झाल्या. काही वर्षांतच सुलतानाने ती नाणी परत घेऊन खजिन्यातून सोने-चांदी दिली आणि तुघलकाबादेत तांब्याच्या नाण्यांचे ढीग पडून राहिले. या योजनेचे अपयश सुलतानाच्या लहरीपणावर ढकलण्याची पद्धत आहे. खरी चूक कारागिरीची होती. सांकेतिक चलन चालवायचे तर सरकारला जमेल आणि इतरांना जमणार नाही असे काहीतरी त्याच्या अंगात असावे लागते. पुढे कागदी नोटेचा सगळा इतिहास हे ‘काहीतरी’ शोधण्याचा आहे.

भारतात नोटा आधी बँकांनी काढल्या. कोलकात्यात बँक ऑफ हिंदोस्तान १७७० मध्ये सुरू झाली. त्यानंतर सरकारी भागभांडवल असलेल्या तीन प्रेसिडेन्सी बँका आल्या, त्यांतली बँक ऑफ बॉम्बे १८४० ची. तिच्या काही नोटांवर मुंबईचा टाउन हॉल आणि माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन व जॉन माल्कम यांचे पुतळे छापलेले असत. ही चित्रे शोभेची खरी, पण त्यांतल्या बारीक रेघा नक्कल करणाऱ्याला जड जाव्यात हाही हेतू होता. १८६१ च्या कागदी चलन कायद्याने नोटा काढण्याचा हक्क बँकांकडून सरकारकडे गेला.

सरकारच्या पहिल्या नोटांवर राणी व्हिक्टोरियाची प्रतिमा होती. १०, २०, ५०, १०० आणि १००० रुपयांच्या या नोटा इंग्लंडमधल्या लॅव्हरस्टोक इथल्या गिरणीत हाताने घडवलेल्या कागदावर, एकाच बाजूला छापलेल्या होत्या. खरेपणाच्या खुणा तीन होत्या. कागदात सरकारचे नाव, सह्या आणि नागमोडी रेघा असलेले जलचिन्ह, छापील सही, आणि सरकारी वहीत नोंदलेला क्रमांक. यांपैकी क्रमांकावर व्यापाऱ्यांचा मोठा भरवसा होता. लांब पैसे पाठवताना ते नोट मधोमध कापीत आणि एक अर्धा भाग टपालाने रवाना करीत. तो पोचल्याचे उत्तर आले की दुसरा अर्धा पाठवायचा. वाटेत एक तुकडा चोरीला गेला तरी चोराच्या हाती नुसता कागद लागे. दोन्ही तुकडे जुळले आणि क्रमांक एकच निघाला की नोट पुन्हा अखंड. हुंडी वापरून कागदावर विश्वास ठेवायला शिकलेल्या पेढ्यांना ही रीत पटकन पचली असणार.

व्हिक्टोरियाच्या नोटा मात्र टिकल्या नाहीत. बनावट नोटांचा इतका सुळसुळाट झाला की १८६७ पासून त्या मागे घेऊन नवी मालिका आणावी लागली. नव्या नोटेत मुख्य छपाईखाली रंगीत छपाईचा थर आला, एकमेकांत गुंतलेल्या वर्तुळाकार रेघांची नक्षी आली आणि जलचिन्हात कागद बनवणाऱ्याचा संकेत आला. लोकांना आपल्या लिपीत रक्कम वाचता यावी म्हणून भाषाही वाढल्या, आधी चार आणि पुढच्या लाल मालिकेत आठ. ज्याला नोटेवरचे वाचता येत नाही तो तिची पारखही करू शकत नाही, ही साधी गोष्ट यामागे होती. नोटेवरची भाषांची पट्टी आज शोभेसारखी दिसते, पण तिचा उगम पारखीत आहे.

त्या काळी नोट खरी असूनही नाकारली जाई, कारण देशाची चलनमंडळे पाडली होती आणि नोट ज्या मंडळातली तिथेच ती कायदेशीर चलन ठरे. कोलकात्याची नोट मुंबईत घेण्याची सक्ती कोणावर नव्हती. परमुलखातल्या रुपयावर बट्टा घेणारा सराफ आता परमंडळाच्या नोटेवर तो घेऊ लागला. १९०३ ते १९११ या काळात ५, १०, ५० आणि १०० रुपयांच्या नोटा देशभर ग्राह्य ठरल्या, तेव्हा कुठे ही अडचण सरली. दरम्यान १८९९ मध्ये चलनी नोटांच्या बनावटीबद्दल खास कायदा होऊन भारतीय दंड संहितेत ४८९-अ आणि पुढची कलमे घातली गेली.

पहिल्या महायुद्धाने नोट गरिबाच्या हातात आणली. चांदीची टंचाई झाली म्हणून ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची नोट निघाली, पाठोपाठ अडीच रुपयांची. नाणे वाजवून घेणाऱ्या माणसाला आता न वाजणारा रुपया मिळाला. त्यावर पाचव्या जॉर्ज बादशहाचा चेहरा होता, आणि १९२३ पासून दहाच्या नोटेपासून सुरुवात करून राजाची प्रतिमा हा सगळ्या नोटांचा कायम भाग झाला. चेहरा निवडण्यात शहाणपण होते. माणसाची नजर चेहऱ्यातला बारीकसा फरक चटकन टिपते. नक्षीतली एक रेघ चुकली तर लक्षात येत नाही, पण डोळ्याची कड किंवा ओठाचे वळण चुकले की चेहरा परका वाटतो. निरक्षर माणसालाही करता येईल अशी ही पारख होती.

तोवर नोटा इंग्लंडमध्ये छापून बोटीने येत. १९२८ मध्ये नाशिक रोडला करन्सी नोट प्रेस उभा राहिला आणि १९३२ पर्यंत भारताच्या सर्व किमतींच्या नोटा तिथेच छापल्या जाऊ लागल्या. जलचिन्हे बदलली, प्रतिमा अधिक बारकाव्याच्या झाल्या, छपाई अनेक रंगांची झाली. नाशिककर या कारखान्याला नुसते ‘प्रेस’ म्हणतात, आणि नाशिक रोडच्या कितीएक घरांतल्या दोन-तीन पिढ्या तिथे कामाला होत्या. देशाच्या खिशातला कागद या कामगारांच्या हातून गेला आहे. नोटेच्या इतिहासात गव्हर्नरांच्या सह्या नोंदल्या जातात, या माणसांचीही नोंद त्याच पानावर व्हायला हवी.

मराठी माणसांच्या हातात त्या काळी एकाच सरकारच्या नोटा नव्हत्या. हैदराबाद संस्थानाने १९१८ पासून स्वतःच्या नोटा काढल्या. त्यांवर उर्दू आणि इंग्रजीबरोबर मराठी, तेलुगू व कानडीतही रक्कम लिहिलेली असे. गोव्यात १९०६ पासून बांको नासियोनाल उल्त्रामारिनो या पोर्तुगीज बँकेच्या नोटा चालत. सरहद्दीवरच्या बाजारातल्या दुकानदाराला दोन-दोन प्रकारच्या नोटांच्या खुणा तोंडपाठ ठेवाव्या लागत.

रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली आणि जानेवारी १९३८ मध्ये तिची पहिली नोट, सहाव्या जॉर्जचे चित्र असलेली पाच रुपयांची, बाहेर पडली. या मालिकेची कसोटी युद्धात लागली. दुसऱ्या महायुद्धात जपानने भारतीय नोटांची अतिशय उत्तम नक्कल केली. एखादा बनावटखोर तळघरात बसून करतो ते काम आणि एक राज्य आपल्या छापखान्यांसह करते ते काम यांत फार अंतर असते. त्याला उत्तर म्हणून भारतीय नोटेत दोन बदल झाले. जलचिन्हातला राजा आधी एका बाजूने दिसे, तो आता पूर्ण समोरून दिसू लागला. दुसरा बदल अधिक महत्त्वाचा आहे: कागदाच्या आत प्रथमच सुरक्षा धागा घातला गेला. आज सर्वसामान्य माणूस ‘नोटेतली तार’ म्हणून जी खूण सगळ्यात आधी बघतो, ती या युद्धाची देणगी आहे. १९४३ पासून नोटांवर रायगड जिल्ह्यातल्या चिंतामणराव देशमुखांची सही येऊ लागली. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर.

जलचिन्ह आणि धागा या दोन खुणा इतक्या वर्षांनीही टिकून आहेत, कारण त्या छापलेल्या नसतात. कागद तयार होत असताना कापसाचा ओला लगदा जाळीच्या फिरत्या नळकांड्यावर चढतो. जाळी जिथे खोलगट असते तिथे लगदा जास्त बसतो आणि कागद जाड होतो. जिथे ती उंच असते तिथे तो पातळ राहतो. वाळलेला कागद उजेडात धरला की पातळ जागा उजळ आणि जाड जागा गडद दिसते, आणि खोली हळूहळू बदलत नेलेली असल्यामुळे चेहऱ्यावर सावलीच्या छटा उतरतात. धागाही याच वेळी लगद्याच्या थरात सोडला जातो. म्हणजे छपाईचे यंत्र सुरू होण्याआधीच खऱ्या नोटेची मुख्य साक्ष कागदाच्या पोटात गेलेली असते. नक्कल करणाऱ्याला छपाईयंत्र मिळू शकते, शाई मिळू शकते. कागदाची गिरणी चालवणे त्याच्या आवाक्याबाहेरचे असते. म्हणून तो पांढरट किंवा तेलकट शाईने जलचिन्ह छापतो. ते उजेडात न धरताही दिसते, आणि धरले तरी त्यात छटा नसतात, नुसती बाह्यरेषा असते. नोट तपासताना एकच गोष्ट बघायला वेळ असेल तर जलचिन्हच बघावे, कारण तिथली लबाडी सगळ्यांत लवकर उघडी पडते. भारताने हा कागद स्वतः बनवायला १९६८ मध्ये होशंगाबादच्या गिरणीत सुरुवात केली. पुढे देवास, म्हैसूर आणि सालबोनी इथले छापखाने नाशिकच्या जोडीला आले.

स्वातंत्र्यानंतर राजाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंहशीर्ष आले. ऑक्टोबर १९८७ मध्ये निघालेल्या पाचशेच्या नोटेवर महात्मा गांधींचा चेहरा होता, जलचिन्ह मात्र सिंहांचेच होते. मोठा फेरफार १९९६ च्या महात्मा गांधी मालिकेत झाला. रंगीत झेरॉक्स आणि स्कॅनर यांमुळे जुन्या खुणा अपुऱ्या पडू लागल्या होत्या. यंत्र जे समोर दिसते त्याची प्रत काढते. तेव्हा नोटेत असे काही आणणे भाग पडले की जे एका कोनातून एक आणि दुसऱ्या कोनातून वेगळे दिसेल, किंवा बोटाला लागेल. या मालिकेत धागा खिडक्यांचा झाला, म्हणजे काही ठिकाणी कागदावर उघडा आणि मध्ये-मध्ये कागदात बुडालेला. नोट डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरल्यावरच दिसणारा लपलेला आकडा आला. दृष्टिहीनांसाठी बोटाला जाणवणारे आकार आले. २००० पासून मोठ्या नोटांवर रंग बदलणारी शाई आली. २००५ च्या नोटांच्या मागे छपाईचे वर्ष छापले जाऊ लागले. २०१५ मध्ये क्रमांकातले आकडे डावीकडून उजवीकडे मोठे होत जाऊ लागले आणि कडेला उठावाच्या तिरप्या रेघा आल्या. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर नवी मालिका आली. तिच्यातल्या वीस रुपयांच्या नोटेच्या मागे वेरूळची लेणी आहेत.

आज खिशात सर्वाधिक जपून ठेवली जाणारी नोट पाचशेची, म्हणून पारखीचा क्रम तिच्यावरच समजून घेणे सोयीचे. ती ६६ मिलिमीटर रुंद आणि १५० मिलिमीटर लांब, दगडी करड्या रंगाची, मागे लाल किल्ला असलेली. सुरुवात बोटांनी करावी. खरा कागद कापसाचा असतो. तो ताठ असतो आणि हाताळला की करकरतो. गांधीजींचा चेहरा, अशोकस्तंभ, उजवीकडचा ५०० लिहिलेला गोल आणि दोन्ही कडांच्या पाच-पाच तिरप्या रेघा खोदीव पत्र्यावरून प्रचंड दाबाने छापलेल्या असतात, त्यामुळे शाई कागदावर उभी राहते. त्यावरून नख फिरवले की खरखर लागते. साध्या यंत्रावर छापलेली नक्कल तिथे गुळगुळीत असते. नोट जुनी झाली की हा उठाव झिजतो, त्यामुळे केवळ त्याच्यावर निकाल देऊ नये.

मग नोट उजेडात धरावी. उजवीकडच्या कोऱ्या जागेत गांधीजींची छटांसह आकृती आणि तिच्याजवळ ५०० चा उजळ आकडा दिसला पाहिजे. धागा वरपासून खालपर्यंत सलग दिसला पाहिजे, जरी पृष्ठभागावर तो तुकड्या-तुकड्यांनी चमकत असला तरी. नकली नोटेत बहुधा कागदावर चंदेरी रेघ छापलेली किंवा चिकटवलेली असते. डाव्या बाजूला ५०० चा एक आकडा अर्धा पुढून आणि अर्धा मागून छापलेला असतो. उजेडात दोन्ही अर्धे मिळून एक आकडा पुरा होतो. दोन्ही बाजू एकाच फटक्यात छापणाऱ्या यंत्राशिवाय हे नेमके जुळत नाही, आणि केसभर सरकले तरी डोळ्याला खटकते.

त्यानंतर नोट तिरपी करावी. धाग्याचा हिरवा रंग निळा होतो आणि त्यावर ‘भारत’ व आरबीआय ही अक्षरे दिसतात. उजवीकडे खालचा ₹५०० हा आकडाही हिरव्याचा निळा होतो. ही शाई छायाचित्रात उतरत नाही, कारण छायाचित्राला एकच कोन असतो. भिंग हाताशी असेल तर प्रतिमेजवळ ‘भारत’ आणि ‘इंडिया’ ही सूक्ष्म अक्षरे वाचता येतात. नकलेत तिथे ठिपके किंवा पुसट रेघ दिसते. क्रमांकातली पहिली तीन चिन्हे एकाच आकाराची आणि पुढचे आकडे वाढत जाणारे असतात. दुकानदार वापरतात त्या जांभळ्या दिव्याखाली खरा कागद मंद राहतो, पण क्रमांक आणि कागदात विखुरलेले बारीक तंतू चमकतात. बाजारातल्या साध्या पांढऱ्या कागदात उजळपणा आणणारी द्रव्ये असल्याने तो सगळाच निळसर पेटल्यासारखा दिसतो.

यांतली कुठलीही एक खूण निकाल देत नाही. धुतलेल्या नोटेवर साबणाची पूड राहिली तर ती खरी असूनही दिव्याखाली चमकू शकते. चांगल्या नकलेत रंग बदलल्याचा भासही आणलेला असतो. म्हणून कागद, छपाई आणि शाई या तिन्हींतली निदान एकेक खूण बघावी, आणि शंका असेल तर त्याच किमतीची खात्रीची नोट शेजारी ठेवून ताडून पाहावी. पोतदार माहीत कसाच्या रेघेशेजारी नवी रेघ ओढी, तीच ही रीत.

उलट बाजूची चूकही होते, आणि तिची झळ गरिबालाच जास्त बसते. क्रमांकात तारा असलेली नोट खोटी आहे अशी अफवा फिरली. वस्तुतः छपाईत खराब झालेल्या नोटेच्या जागी गड्डीत घातलेली ती अस्सल नोट असते, आणि अशा नोटा २००६ पासून चलनात आहेत. दोन हजारांच्या नोटेत चिप असल्याचे २०१६ मध्ये छातीठोकपणे सांगितले गेले, तेही खोटे होते. दहा रुपयांचे नाणे अनेक बाजारांत नाकारले जाते, तरी वेगवेगळ्या वेळी निघालेल्या त्याच्या सर्व १४ रचना वैध असल्याचे रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये जाहीर केले आहे. भाजीवालीच्या हातात आलेले खरे नाणे दुसऱ्या दुकानात ‘चालत नाही’ म्हणून परत आले, तर तिचे नुकसान बनावट नाण्याने झाले असते तेवढेच होते.

नोट संशयास्पद निघाल्यावर बँकेने काय करायचे याचेही ठरलेले नियम आहेत. काउंटरवर आलेली बनावट नोट ग्राहकाला परत देता येत नाही आणि फाडून टाकताही येत नाही. तिच्यावर बनावट नोट जप्त केल्याचा ५ सेंटिमीटर बाय ५ सेंटिमीटरचा शिक्का मारतात, स्वतंत्र वहीत नोंद करतात आणि ग्राहकाला पोचपावती देतात. त्या नोटेचे पैसे मात्र मिळत नाहीत. एका व्यवहारात चारपर्यंत नोटा निघाल्या तर त्यांचा महिन्याचा एकत्रित अहवाल पोलिसांना जातो. पाच किंवा अधिक निघाल्या तर लगेच गुन्हा नोंदवण्यासाठी पोलिसांकडे जावे लागते. १ जुलै २०२४ पासून हा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या १७८ ते १८२ या कलमांखाली येतो. नोट बनवणे किंवा ती बनावट आहे हे माहीत असून चालवणे यासाठी जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. माहीत असून चालवणे यातला ‘माहीत असून’ हा शब्द महत्त्वाचा आहे. अजाणता हातात आलेली नोट बँकेत दाखवणारा माणूस गुन्हेगार नसतो. ती खोटी आहे हे कळल्यावर अंधारात दुसऱ्याच्या हातात सारणारा मात्र ठरतो.

दृष्टिहीन माणसाची पारख पूर्णपणे बोटांवर चालते. १९९६ च्या मालिकेत हजाराला चौकट, पाचशेला गोल, शंभराला त्रिकोण, पन्नासला चौरस आणि वीसला उभा आयत असे उठावाचे आकार दिले गेले. २०१५ पासून शंभराचा त्रिकोण आणि पाचशेचा गोल मोठा झाला, कडेच्या रेघा मोजून किंमत ओळखता येऊ लागली, आणि २०१६ नंतरच्या नव्या मालिकेत प्रत्येक किमतीच्या नोटेची लांबी वेगळी ठेवली गेली. दहाची १२३ मिलिमीटर, वीसची १२९, पन्नासची १३५, शंभराची १४२, दोनशेची १४६ आणि पाचशेची १५०. शेजारच्या दोन नोटांत चार ते सात मिलिमीटरचा फरक. बोटाच्या पेरावर नोट घडी घालून मोजणाऱ्याला तो पुरतो, पण सरावानेच. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये ‘मणी’ नावाचे मोबाइल अ‍ॅप काढले. कॅमेऱ्यापुढे नोट धरली की ते तिची किंमत बोलून सांगते. नोट खरी की बनावट हे ते सांगत नाही. त्यासाठी दृष्टिहीन माणसाला आजही शाईचा उठाव आणि कागदाची करकर यांवरच अवलंबून राहावे लागते, आणि नोट हातोहात फिरून मऊ पडली की या दोन्ही खुणा सगळ्यांत आधी जातात.